खंयचे तुमी? : ‘-कर’ आडनावाचं मूळ गाव कसं शोधायचं

गेल्या मे महिन्यात भावाची मुलगी डोंबिवलीहून सुट्टीला आली. आंबे खाता खाता तिने विचारलं, “आत्ये, आपण शिरोडकर. म्हणजे नेमके कुठले गं?” माझे वडील या प्रश्नाला एकच उत्तर द्यायचे : शिरोड्याचे. त्यांच्या मनातलं शिरोडं वेंगुर्ले तालुक्यातलं होतं, मिठागरांचं, १९३०च्या मिठाच्या सत्याग्रहाचं, वि. स. खांडेकर जिथे शिक्षक होते ते. आम्हीही तेच धरून चाललो.

मी एकतीस वर्षं पोस्टात काढली. टपाल लावताना ‘शिरोडा’ दिसलं की डोळा आधी पिनकोडवर जायचा. ४१६ने सुरुवात असेल तर सिंधुदुर्गातलं, ४०३ असेल तर गोव्यातलं, फोंडा तालुक्यातलं. १९७२मध्ये पिनकोड आला तो अशाच सारख्या नावांच्या गावांचा घोळ मिटवायला. भाचीच्या प्रश्नावर मला पहिल्यांदा वाटलं की जो नियम आपण पाकिटाला लावत आलो तो आडनावाला लावायला हवा. आपल्या आडनावाला पिनकोड नाही, तो आपणच शोधून काढायचा.

त्याला वर्षभर लागलं. त्या वर्षात जे हाती आलं आणि जिथे वाट चुकली ते लिहून ठेवते, म्हणजे पेडणेकर, नार्वेकर, मयेकर, परुळेकर, वालावलकर अशा कोणालाही हाच माग काढता येईल.

आडनावातलं गाव हे सुटलेलं गाव

ही गोष्ट आधी मनात पक्की करा, बाकी सगळं तिच्यावर उभं आहे. नेरुरात राहणाऱ्याला नेरुरात कोणी नेरुरकर म्हणत नाही. तिथे सगळेच नेरुरचे. तिथे त्याला वाडीवरून, घराण्यावरून, कामावरून ओळखतात. तो मालवणला, रत्नागिरीला, मुंबईला गेला की मग लोक विचारतात, “खंयचे तुमी?” आणि उत्तराला ‘कर’ चिकटतो. म्हणजे तुमचं आडनाव तुमच्या पूर्वजांनी नाही, नव्या गावच्या शेजाऱ्यांनी ठेवलेलं असतं.

यातून तीन गोष्टी निघतात. आडनावाच्या गावात जाऊन त्याच आडनावाची माणसं शोधण्यात फार अर्थ नसतो, ती आजूबाजूच्या तालुक्यांत पसरलेली असतात. शिरोड्यातच राहणारं शिरोडकर घर भेटलं, तर एक तर ते मुंबईत नाव घेऊन परत आलेलं असेल किंवा दुसऱ्या शिरोड्याहून आलेलं असेल. आणि एकाच गावाहून वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या जातींची माणसं निघाली, त्या सगळ्यांना तेच नाव पडलं. शिरोडकर भंडाऱ्यांत आहेत, दैवज्ञांत आहेत, गोमंतक मराठा समाजात आहेत. आडनाव एक म्हणून रक्त एक असं कोकणात कधीच धरू नका. रायगडकडे तर बेने इस्रायली ज्यूसुद्धा किहीमकर, रोहेकर, पेणकर आहेत. समुद्रमार्गे आलेली ती माणसं किहीम, रोहा, पेणमध्ये रुजली आणि मग तिथून निघताना गावाचं नाव घेऊन निघाली. रत्नागिरीकडच्या कोकणी मुसलमानांतही गावावरून पडलेली ‘कर’ आडनावं आहेत.

सगळेच ‘कर’ गावाचे नसतात, हेही बघून घ्या. गावकर हे मानाचं पद, भांडारकर म्हणजे भांडार सांभाळणारे. उलट सावंत, देसाई, खोत, तांडेल ही हुद्द्यांची नावं. सावंत म्हणजे सामंत, तांडेल म्हणजे होडीवरचा मुख्य, खोत म्हणजे सरकारसाठी गावाचा सारा वसूल करणारा. खोती १९४९च्या कायद्याने गेली, आडनाव राहिलं. हुद्दा गावोगाव असतो, त्यामुळे अशा आडनावांना एक मूळ गाव शोधण्यात वेळ घालवू नका. त्यांच्यासाठी पुढची देवाची आणि सुतकाची वाट धरा.

नावातून गाव सोडवणं

‘कर’ काढला की उरलेलं नाव जसंच्या तसं गावाचं असतं असं नाही. पेडणेकरमधून पेडणे, नार्वेकरमधून नार्वे, मयेकरमधून मये सरळ निघतात. आचरेकरमधून मात्र आचरे नाही, आचरा निघतो. शिरोडकरात शिरोड्याचा ‘आ’ गळतो. केळुसकरात केळूसचा दीर्घ ऊ ऱ्हस्व होतो. म्हणून उरलेल्या नावाच्या शेवटी अ, आ, ए, ई असं एकेक लावून बघा आणि त्या सगळ्या नावांची गावं नकाशावर हुडका.

मग दुसरी पायरी, जी आमच्या घरात तीन पिढ्या कोणी केली नव्हती : त्या नावाची गावं किती आहेत ते मोजा. शिरोडा दोन. बांदिवडे एक मालवण तालुक्यात, एक फोंड्याला. केळशी एक दापोलीत समुद्रकाठी, एक गोव्यात, जिथून शांतादुर्गा कवळ्याला आली. केरकरांची तर जास्तच पंचाईत, कारण एकट्या गोव्यात केरी निदान तीन आहेत : पेडण्यात तेरेखोलजवळ, सत्तरीत आणि फोंड्यात. गोव्यातली गावं शोधताना पोर्तुगीजांनी फिरवलेली नावंही जवळ ठेवा. डिचोली नकाशावर बिचोलिम म्हणून सापडेल, हरमल अरांबोल म्हणून, चोडण चोराव म्हणून. पोर्तुगीज लिहिण्यात ‘श’ला बऱ्याचदा एक्स आणि ‘क’ला सी यायचा. त्यामुळे शिरोडकर कुटुंबाची नोंद एस आणि एक्स अशा दोन्ही अक्षरांखाली बघावी लागते.

देव कुठला आणि सुतक कोणाचं

आता म्हाताऱ्या माणसांकडे जा. कागदाच्या आधी जा, कागद थांबतात. पण “आपण मूळचे कुठले?” असं विचारू नका. त्याला तेच ठरलेलं उत्तर मिळतं. आमच्याकडेही मिळालंच असतं. त्याऐवजी हे विचारा : लग्नपत्रिकेवर सगळ्यात वर कोणाचं नाव छापतात? नव्या नवरा-नवरीला घेऊन ओटी भरायला कुठे जातात? घरात कोणी गेलं तर कोणाकोणाच्या घरी कळवावं लागतं, आणि कोण दहा दिवस पाळतात? कोणत्या घराशी सोयरीक चालत नाही?

आमच्या लग्नपत्रिकांवर ‘श्री कामाक्षी प्रसन्न’ असतं. लहानपणापासून ते वाचत आले, पण कामाक्षी कुठली हे विचारलं नव्हतं. वेंगुर्ल्याच्या शिरोड्याची ग्रामदेवता माउली. कामाक्षी फोंड्याच्या शिरोड्याची. आजी जात्यावर बसून सांगायची, “आपली देवी हंय नाय गे, अंत्रुजात आसा.” अंत्रूज म्हणजे फोंडा महालाचं जुनं नाव. मला वाटायचं ते देवाच्या गाण्यातलं गाव असेल. आजी गेली १९८४मध्ये. तिच्या तोंडचा हा एक शब्द माझ्या सगळ्या शोधातला सगळ्यात मोठा पुरावा निघाला, आणि तो मी चाळीस वर्षं तसाच ठेवला होता. म्हणून सांगते, म्हाताऱ्यांच्या बोलण्यातलं न समजलेलं एखादं गावाचं नाव असेल तर ते आज वहीत उतरवून ठेवा, अर्थ उद्या लागेल.

सुतकाचं आणखी महत्त्वाचं. कोकणात भावकी आडनावावर ओळखत नाहीत, सुतकावर ओळखतात. आरोंद्याकडे एक नाईक घर आहे. त्यांच्याकडे कोणी वारलं की आजी डोक्यावरून पाणी घ्यायची, आणि आमच्याकडे काही झालं की तिकडचा माणूस निरोप मिळताच यायचा. नाईकांचं सुतक शिरोडकरांना का, हे कोणाला सांगता येत नव्हतं. “पूर्वापार आसा,” एवढंच. असं वेगळ्या आडनावाचं पण सुतकाचं घर तुमच्याकडे असेल, तर त्या घराचं आडनाव बहुधा तुमचं जुनं आडनाव असतं. ते वहीच्या पहिल्या पानावर लिहा.

तिसरी खूण गावऱ्हाटीची, म्हणजे गावच्या देवकार्याच्या रीतीभातीची. सध्या राहता त्या गावात दसऱ्याला तरंगं, म्हणजे देवांचे सजवलेले खांब, निघतात, जत्रेला पालखी निघते, तेव्हा तुमच्या घराकडे काही मान आहे का? मूळची घरं मानकरी असतात, बारा-पाचात, म्हणजे गावच्या मानकऱ्यांच्या बैठकीत, बसतात. मान नसेल तर तुमचे पूर्वज त्या गावात नंतर आले. त्यात कमीपणा काही नाही, पण शोध त्या गावात थांबवू नका. आमच्या मालवणकडच्या गावात आम्हाला नारळ ठेवायचाही मान नाही.

पसारा नकाशावर मांडणं

आडनाव कुठवर पसरलंय हे बघायला मतदार याद्या फार उपयोगी. मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर त्या मतदारसंघ आणि यादी भागानुसार मराठीत मिळतात. सिंधुदुर्गात तीन मतदारसंघ : कणकवली, कुडाळ, सावंतवाडी. मालवणची गावं कुडाळात आणि वेंगुर्ल्याची सावंतवाडीत शोधायची. शोधयंत्राने आडनाव सापडेलच असं नाही, डोळ्यांनीच पान-पान बघावं लागतं. रोज रात्री जेवणं आटोपली की दोन गावं, असं मी केलं.

माणसं मोजू नका, घरं मोजा. यादीत घर क्रमांक असतो, तो धरून एका घराचे सगळे एक टिंब. नाहीतर बारा माणसांचं एक घर आणि बारा एकटी घरं सारखीच दिसतील. मग तालुक्याच्या नकाशावर पेन्सिलीने टिंबं द्या. एखाद्या वाडीत टिंबं दाट आली तर बहुधा एकच पूर्वज आणि मग वाटण्या होत गेलेल्या. किनाऱ्याने, खाडीच्या तोंडाशी, बंदराच्या गावांत एकेक टिंब सुटं सुटं दिसलं तर माणसं धंद्यापाण्याने सरकत गेली. आमची टिंबं दुसऱ्या प्रकारची निघाली. आरोंदा, शिरोडा, वेंगुर्ले, मालवण, अशी तेरेखोलच्या खाडीपासून वर वर जाणारी. खालून वर आलेली वाट ती बघताच कळली.

बायकांची माहेरं वेगळ्या रंगाने लावा. जुन्या काळी सोयरीक चालत जाता येईल किंवा होडीने पोचता येईल एवढ्याच अंतरात व्हायची. माझ्या पणजीचं माहेर पेडण्याकडचं, आजीचं आरोंद्याजवळचं, आईचं मालवणातलंच. तीन पिढ्यांत घर किती सरकलं ते या तीन ठिपक्यांनी दाखवलं. बायकांची नावं वंशावळीत कोणी लिहीत नाही, तुम्ही लिहा.

मुंबईचा पसारा वेगळा मोजा, नाहीतर तो बाकी सगळं झाकून टाकतो. परळ-लालबागच्या गिरण्यांत रत्नागिरी जिल्ह्यातली माणसं गेली, तिथे गावाच्या नावाने खोल्या घेतल्या, पाळीपाळीने झोपले. शाळेत, गिरणीत, रेशनकार्डावर नाव घालताना कित्येकांनी गावाचंच नाव सांगितलं आणि तेच पुढे चाललं. गावी राहिलेला सख्खा भाऊ एका आडनावाचा आणि मुंबईचा दुसऱ्या, अशी घरं माझ्या टपालाच्या बीटमध्येच होती. एकाच्या मनीऑर्डरी दुसऱ्याच्या नावावर यायच्या. मुंबईच्या घरांना एकच विचारा : गणपतीला कुठे जाता? उत्तरातलं गाव नकाशावर लावा.

कागद

सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी झाला. त्याआधीचं सगळं रत्नागिरी जिल्हा म्हणून लिहिलेलं आहे. सावंतवाडीकडचं गाव असेल तर १९४८पर्यंत तो संस्थानी मुलूख. आणि गोवा १९ डिसेंबर १९६१पर्यंत पोर्तुगीजांचा. कुठल्या दप्तरात मागायचं ते या तीन तारखा ठरवतात. मला हे आधी सुचलं नाही आणि एका कार्यालयात तीन फेऱ्या घातल्या. तिसऱ्या फेरीला तिथल्या माणसाने चढ्या आवाजात सांगितलं की तुमचं इथे काही नाही. खरंच नव्हतं.

सातबाऱ्यापेक्षा फेरफार मागा. सातबारा आज जमीन कोणाची ते सांगतो. फेरफारात वारस नोंद असते, कोण वारला, मुलं कोण, कुठे राहतात. सातबाऱ्यावर नावाशेजारी वर्तुळात जो आकडा असतो तो फेरफाराचा क्रमांक. एकातून मागच्यात, त्यातून आणखी मागच्यात जायचं. जन्ममृत्यूसाठी गाव नमुना १४, ज्याला कोतवाल बुक म्हणतात, तहसीलदार कार्यालयाच्या अभिलेख कक्षात विचारा. शाळेचं जुनं जनरल रजिस्टर विसरू नका. आमच्या गावच्या शाळेत आजोबांची नोंद मिळाली, आडनावाच्या जागी शिरोडकर आणि पुढे बारीक अक्षरात ‘ना.’ असं काहीतरी. त्या वेळी मला ते नापास वाटलं.

जुने कागद मोडीत असतील. मोडी येत नसेल तर घाबरू नका, वाचून देणारी माणसं मिळतात.  

गोव्यातल्या जमिनीला सातबाऱ्याऐवजी एक-चौदाचा उतारा असतो. पणजीचं पुराभिलेखागार तर १५९५पासूनचं आहे. देवस्थानांत महाजनांच्या, म्हणजे देवळाच्या हक्कदार घराण्यांच्या, नावांच्या नोंदी असतात, आणि जुन्या गावांत गांवकारीच्या, म्हणजे गावच्या सामाईक संस्थेच्या, वांगडांच्या. वांगड म्हणजे तिथली मूळ घराणी. ख्रिस्ती कुटुंबांनी चर्चच्या बाप्तिस्म्याच्या नोंदवह्यांकडून सुरुवात करावी. फर्नांडिस, डिसोझा ही नावं बाप्तिस्म्यात आलेली, त्याखालचं घराणं वांगडाने कळतं.

नाशिकची वही

कागद संपले तेव्हा नाशिकला गेले. नाशिक, त्र्यंबकेश्वरच्या क्षेत्रोपाध्यांकडे, म्हणजे तीर्थाच्या पुरोहितांकडे, नामावळ्या असतात. यात्रेला आलेल्या माणसाने स्वतःचं नाव, गाव, बाप, आजा, भाऊ, मुलं लिहून सही केलेली. कोकणची वही कोणाकडे ते रामकुंडावर विचारलं की कळतं. जाताना निदान पणजोबांपर्यंतची नावं, सुतकाच्या घराचं आडनाव, देव आणि जात एका कागदावर लिहून न्या. दक्षिणा मनापासून द्या, ते पिढ्यान्‌पिढ्या हे सांभाळताहेत.

गुरुजींनी विचारलं, “मूळ गाव?”

“शिरोडा.”

“कोणतं? वेंगुर्ल्याचं की अंत्रुजातलं?”

आजीनंतर तो शब्द पहिल्यांदा कोणाच्या तोंडून ऐकला. मला क्षणभर बोलता येईना. त्यांनी माळ्यावरून लाल कापडात बांधलेली उभी वही काढली. पानं लांबोडकी, जाड, कडेला कसर लागलेली. नखाने ओळीखाली रेघ ओढत ते मोडी वाचत गेले आणि मी दिलेल्या नावांशी ताडत गेले. पणजोबांच्या वडिलांची सही निघाली. अक्षर मोठं, प्रत्येक ओळ शेवटी वर चढत गेलेली. तसं माझे वडील लिहायचे. गुरुजींनी वाचलं : अमुक नाईक, राहणार मालवण, मूळ शिरोडे, प्रांत अंत्रूज.

नाईक. आरोंद्याच्या घराचं सुतक, शाळेच्या रजिस्टरातला ‘ना.’, सगळं त्या एका ओळीत बसलं. मी फोटो काढायचा विसरले, गुरुजींनीच आठवण केली.

शेवटी गावाला जा

सगळं हाती आल्यावर गावाला जा, आधी नाही. आधी गेलात तर बघायचं काय ते कळत नाही. मी भाचीला घेऊन फोंड्याच्या शिरोड्याला गेले. ज्यांच्या नावाने प्रसूतीशास्त्रात ‘शिरोडकर टाका’ जगभर शिकवतात ते डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर याच गावी १८९९मध्ये जन्मले. आमचं त्यांच्याशी काही नातं असल्याचा पुरावा नाही आणि मी तो जोडत नाही. आडनावाच्या शोधात मोठ्या माणसाला पूर्वज करून घ्यायचा मोह होतो, तो टाळा.

कामाक्षीची ओटी भरली. पुजाऱ्यांना सगळं सांगितलं, नाईक, मालवण, आरोंदा. ते म्हणाले, “पण बाई, कामाक्षी तरी इथली कुठे? ती रायेहून आली.” सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी जुवारी नदीपलीकडच्या, गोव्याच्या साष्टी महालातली देवळं पाडली तेव्हा देव नदी ओलांडून अंत्रुजात आले, कारण तिथे पोर्तुगीजांचं राज्य नव्हतं. कुशस्थळीचा मंगेश आला, केळशीची शांतादुर्गा आली, रायेची कामाक्षी आली. देवासोबत माणसंही आली. म्हणजे शिरोडं हेसुद्धा आमचं आधी गाठलेलं आणि मग सोडलेलं गाव असू शकतं.

संध्याकाळी आम्ही दोघी जुवारीच्या धक्क्यावर गेलो. फेरी पलीकडे निघायच्या बेतात होती. समोर रायतूर, त्याच्या अलीकडे-पलीकडे साष्टीची गावं, त्यांत राय. भाची म्हणाली, “आत्ये, जाऊया?” मी वही पिशवीतून काढली, नव्या पानावर वर ‘राय’ लिहिलं, आणि आम्ही फेरीत चढलो.